मयताचं अनुमोदन

माझ्या सबंध नोकरीत मला पकडायला तीन ऑडिटर येऊन गेले. तिघांनी चहा घेतला, जेवण घेतलं, वहीच्या पानांवर हिरव्या शाईच्या खुणा केल्या आणि शेरा दिला, ‘दप्तर समाधानकारक’. मला पकडलं ते हौसाबाईनं. तिला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. ही हकीकत मी आजवर कुणाला धड सांगितली नाही, कारण सांगायची म्हणजे आधी आपलीच लाज काढायची. आता वय झालं आणि लाजही बरीचशी खर्च झाली, तेव्हा सांगून टाकतो.

मी सेक्रेटरी होतो. मंत्रालयातला नव्हे हो, गावच्या सोसायटीचा. ‘विविध कार्यकारी सहकारी सेवा सोसायटी मर्यादित’ हे आमचं पूर्ण नाव. ते बोर्डावर मावलं नाही म्हणून पेंटरनं ‘मर्यादित’ खाली भिंतीवर लिहिलं होतं. गाव मिरजगावपासून कोसभर आत. नाव विचारू नका. आमच्या चेअरमनसाहेबांचे नातू आता मोठमोठ्या खुर्च्यांवर बसलेत, आणि मला या वयात कुणाच्या तोंडी लागायचं नाही. सोसायटीनं दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्यांना बी द्यायचं, खत द्यायचं, जनावरांना पेंड द्यायची, आणि वर्षातून एकदा सगळ्या सभासदांची सभा भरवून कारभार कसा चाललाय ते सांगायचं, असा कायदा. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं आम्ही जमेल तसं करत होतो.

हौसाबाई तेव्हा पन्नाशीची असेल. उंच, वाळकी, काळीसावळी. चालताना टाच अशी आपटायची की ऑफिसात खाली मान घालून लिहीत बसलो तरी कळायचं, कोण येतंय. अडीच एकर कोरडवाहू जमीन आणि दोन खिलार बैल, एवढा तिचा संसार. एक मुलगी, ती लग्न होऊन श्रीगोंद्याकडं गेलेली. नवरा नामदेवराव दम्यानं बेजार, म्हणून औत तीच धरायची. बाईनं औत धरू नये असा गावात दंडक होता. तो कुणी तिला ऐकवला की म्हणायची, ‘‘बरं मंग, तू धर. मी घरी जाऊन भाकरी टाकते. मजुरी देनार न्हाई, आदीच सांगते.’’ दंडक सांगणारा तिथनं निघून जायचा.

आमच्याकडं सभासद यायचा तो अंगठा पुढं करूनच. कागद कसला, कशाचा, कुणी विचारायचं नाही. शाईचा पॅड दिसला की अंगठा आपोआप त्यावर. हौसाबाई मात्र अंगठा मुठीत दाबून यायची. नवऱ्याच्या नावावरचा शेअर, तेव्हा अंगठा नवऱ्याचाच लागायचा. पण नामदेवरावांना हाताला धरून तीच आणायची आणि त्यांचाही अंगठा स्वतःच्या मुठीत धरून ठेवायची. मला म्हणायची, ‘‘आदी वाच.’’

मी वाचायचो. मग ती म्हणायची, ‘‘परत वाच.’’

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी चिडलो. नवीन होतो, मॅट्रिक झालो होतो, नगरहून आलो होतो, नाकावर माशी बसू द्यायचो नाही. म्हटलं, ‘‘मावशी, एकदा वाचलं ना? मी काय कीर्तनकार आहे?’’

तर म्हणाली, ‘‘पयल्यांदा वाचतोस ते मला ऐकवायला. दुसऱ्यांदा वाचतोस ते लिवलेलं असतंय.’’

तो कागद खताच्या मागणीचा होता. गोदामात फवारणीच्या औषधाच्या बाटल्या पडून होत्या, त्या खपवायच्या म्हणून चेअरमनसाहेबांच्या हुकमानं प्रत्येक मागणीपत्रात मी एक बाटली घालत होतो. पहिल्या वाचनात ती गाळली होती. दुसऱ्यांदा वैतागून भराभर वाचायला गेलो आणि तोंडातून निघून गेलं, ‘‘...आणि फवारणीचं औषध बाटली एक.’’

‘‘बाटली कुठनं आली? मगाशी न्हवती.’’

‘‘ती... सगळ्यांनाच आहे, मावशी.’’

‘‘समद्यास्नी आसंल. आमच्या अंगठ्याला न्हाई. खोड.’’

मी खोडली. नामदेवराव बिचारे माझ्याकडं बघून कसनुसं हसले. त्या माणसाचा स्वभावच तसा. आयुष्यात कुणाला ‘अरे’ म्हटलं नसेल. चावडीवर आलेच तर दाराजवळ बसायचे, दम लागला की उठून बाहेर जायचे. चारचौघांत त्यांनी एकदाही तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही. जिवंतपणी तरी नाही.

आता चेअरमनसाहेब. त्यांना सगळे आबा म्हणत. पांढरं धोतर, करकरीत टोपी, आणि आवाज असा मऊ की शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. आबा वाईट नव्हते, म्हणजे स्वतःच्या नजरेत नव्हते. सोसायटी त्यांना स्वतःच्या घराची पडवी वाटायची. पडवीत आपण कुणाला बसवतो, कुणाला उठवतो, त्याचा हिशेब कुणाला देतो का? गावाच्या नात्यानं हौसाबाई त्यांची वहिनी आणि ते तिचे भावजी. त्यामुळं ती त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर नीट करायची. तिनं पदर नीट केला की गावानं ओळखायचं, आता कुणाची तरी अब्रू जाणार.

एकदा गोदामात पेंड मोजून चालली होती. आमचा शिपाई धोंडीबा मोठ्या तराजूवर मोजत होता आणि आबा बाजूला खुर्चीवर बसलेले. हौसाबाईचं पोतं मोजून झालं. तिनं पदर नीट केला. म्हणाली, ‘‘धोंडीबा, आता वजनं हिकडल्या पारड्यात ठेव अन् पोतं तिकडल्या.’’

धोंडीबानं आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, ‘‘अहो वहिनी, काटा जुना आहे, थोडंफार इकडंतिकडं व्हायचंच.’’

‘‘व्हय की भावजी. पर जुना काटा एकदा तरी आमच्याकडं झुकावा का न्हाई? ह्यो दरवर्षी सोसायटीकडंच झुकतोय.’’

पारडी बदलली. पोतं वर गेलं. आधी मोजून घेतलेल्या सगळ्यांनी आपापली पोती परत खाली ठेवली. त्या दिवशी धोंडीबाला संध्याकाळपर्यंत सगळं दुसऱ्यांदा मोजावं लागलं. तो हौसाबाईच्या नावानं बोटं मोडत होता, आणि खरं सांगतो, मीही मोडत होतो.

बोटांवरून आठवलं. आमच्या वार्षिक सभेची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सभेची नोटीस चावडीवर लावायची आणि अर्ध्या तासानं काढून फाइलला लावायची. सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे कोण काय बोललं आणि कुठले ठराव झाले त्याचा वृत्तांत, सभेच्या आधी चार दिवस मी घरी बसून लिहायचो. तेही नवीन नव्हे. मागल्या वर्षीचं समोर ठेवायचं आणि साल बदलायचं. प्रत्येक ठराव मांडणारा एक माणूस लागतो, तो सूचक. त्याला दुजोरा देणारा एक लागतो, तो अनुमोदक. ही नावं मी सभासद रजिस्टरातून घालायचो. मग सभेच्या दिवशी आबा, चार संचालक आणि मी बसून भजी खायचो. सभेला ठरावीक माणसं हजर असावी लागतात, त्यांचे अंगठे धोंडीबा आणायचा. कुठून आणायचा? त्याला दहा बोटं होती. सोसायटीचं तेवढ्यावर भागत होतं, पायाच्या बोटांची वेळ आली नाही. सभासदांची तक्रार नव्हती. सभेला बोलावलं नाही म्हणून रागावणारा सभासद मी तोवर बघितला नव्हता. ऊस खुरपायचा सोडून कोण भाषणं ऐकायला येतो? आमच्याकडं तर ऊसही नव्हता, नुसतं खुरपणंच होतं.

नामदेवराव एकाहत्तरच्या वैशाखात गेले. मी मातीला गेलो होतो. आबांनी खांदा दिला होता. दहाव्याला मी त्यांच्या घरी जेवून आलो. आणि दसऱ्याच्या सुमाराला प्रोसिडिंग लिहायला बसलो तेव्हा मागल्या वर्षीच्या पानावर अनुमोदक म्हणून त्यांचं नाव होतं, ते जसंच्या तसं उतरवलं. एका ठरावाला नाही, चार ठरावांना. हात लिहितो, डोकं भलतीकडं असतं. जो माणूस जन्मात चारचौघांत बोलला नाही, त्याला मी मेल्यावर चारदा उठवून बोलायला लावलं. त्यातला चौथा ठराव म्हणजे गोदामाच्या दुरुस्तीचं काम आबांच्या मेहुण्याला देण्याचा होता.

माझ्या ते लक्षात आलं पुढल्या ज्येष्ठात. हौसाबाई आली, बरोबर मृत्यूचा दाखला. म्हणाली, ‘‘त्यांचा शेअर माज्या नावावर कर.’’ साधं काम. वारस म्हणून नाव लावायचं, समितीनं ठराव करायचा, तालुक्याची मंजुरी घ्यायची, संपलं. मी रजिस्टर काढलं, मयत झाल्याची तारीख लिहायला गेलो, आणि प्रोसिडिंगातले ते चार ठराव आठवले. ही तारीख लिहिली की दसऱ्याची सभा बोंबलली.

आबांना सांगितलं. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग त्या मऊ आवाजात म्हणाले, ‘‘नामदेवला राहू द्या सध्या.’’ असं म्हणाले, जसं काही तो पाहुणा आलाय आणि निघायची घाई करतोय. मग म्हणाले, ‘‘वहिनींना सांगा, अर्ज वर पाठवलाय.’’

मी सांगितलं. अर्ज माझ्या टेबलाच्या खणात होता. म्हणजे काही अगदीच खोटं नव्हतं, वरचा खण होता.

एरवी हे वर्षभर चाललं असतं. पण ते बहात्तर साल. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, या वर्षी आलाच नाही. ज्वारी पेरली ती उगवून जळाली. माणसं खडी फोडायला गेली. जनावरं बांधावर उभी राहायची, कारण बसलेलं जनावर परत उठेल याची खात्री नव्हती. सरकारनं सोसायटीमार्फत कडबा आणि पेंड द्यायची ठरवली, सभासदाला जनावरामागं ठरावीक. नियम एक: सभासदानं स्वतः यावं, अंगठा करावा आणि न्यावं.

हौसाबाई रांगेत उभी राहिली. नंबर आला. मी रजिस्टर उघडलं. ‘‘मावशी, सभासद स्वतः लागतो.’’

‘‘सभासद मेला.’’

‘‘रजिस्टरला अजून तसं नाही.’’

तिनं माझ्याकडं इतकं सरळ बघितलं की मी शाईच्या दौतीचं बूच उगाच काढलं आणि लावलं. ‘‘मंग माजं नाव लाव.’’

‘‘अर्ज वर गेलाय.’’

आषाढ, श्रावण, भादवा, ती दर वाटपाला यायची, रांगेत उभी राहायची, हेच ऐकायची आणि टाच आपटत परत जायची. बैलांना तिनं घराच्या छपराचं जुनं गवत खाऊ घातलं. लिंबाचा पाला, बाभळीच्या शेंगा, जे मिळेल ते. बैल गेले तर पाऊस आल्यावर अडीच एकर कशानं करायचं, आणि नाही केलं तर ते भाऊबंदांच्या घशात जायचं, हे मला कळत होतं. सगळं कळत होतं हो. कळून खण उघडला नाही, हे खरं.

त्या वर्षीची सभा मात्र भज्यांवर भागली नाही. कडब्याच्या तक्रारी नगरपर्यंत गेल्या होत्या, म्हणून तालुक्याचे साहेब स्वतः सभेला बसणार असा निरोप आला. साहेब येणार म्हणजे कडबा वाढणार, अशी गावात हूल उठली आणि शाळेचा व्हरांडा माणसांनी भरून गेला. धोंडीबा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘‘आज बोटांची गरज न्हाई जनू.’’ साहेब चष्मेवाले, घड्याळाकडं बघणारे. त्यांना चारची एस.टी. गाठायची होती.

आबांनी सुरुवात केली. ‘‘विषय पहिला. मागल्या सभेचं प्रोसिडिंग वाचलं असं समजून कायम करण्यात यावं.’’

‘‘कायम, कायम,’’ संचालक म्हणाले.

बायका एका कोपऱ्यात होत्या. त्यातून हौसाबाई उठली आणि पुरुषांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिनं पदर नीट केला.

‘‘भावजी, समजून कशापायी? शेक्रेटरी बसलाय की रिकामा. वाचू द्या त्याला.’’

साहेबांना बरं वाटलं. ‘‘बरोबर आहे बाईंचं. वाचा हो.’’

मी उभा राहिलो. वाचायला लागलो. अनुमोदकाचं नाव आलं तिथं मी चलाखी केली. समोरच बाबूराव नावाचा एक सभासद बसला होता, त्याचं नाव घेतलं. चारी ठरावांना ‘अनुमोदक श्री. बाबूराव’. बाबूराव पहिल्यांदा दचकला, दुसऱ्यांदा टोपी सारखी केली आणि चौथ्यांदा तर आजूबाजूला बघून मान डोलावली. संपलं. मी खाली बसणार तोच...

‘‘परत वाच.’’

साहेब म्हणाले, ‘‘पुन्हा कशाला, बाई?’’

‘‘साएब, कान जड झालेत माजे. वय झालं.’’

तिचे कान जड! बैलाच्या घुंगराचा आवाज ती दोन शेतं ओलांडून ओळखायची. पण साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मला खूण केली, लवकर उरका. मी लवकर उरकायला गेलो आणि तिथंच मेलो. डोळे अक्षरांवरून पळत होते, आणि तोंड डोळ्यांच्या मागं गेलं. ‘‘ठराव चौथा, गोदामदुरुस्तीचं काम... सूचक अमुक... अनुमोदक श्री. नामदेव विठोबा.’’

मी घाईघाईनं पान उलटलं.

‘‘कोन?’’ हौसाबाई म्हणाली. ‘‘त्यांचं नाव मी घेत न्हाई. तू घेतलंस. परत घे.’’

मी घेतलं. दुसरं करणार काय?

‘‘ही मागल्या दसऱ्याची सभा न्हवं?’’

‘‘हो.’’

‘‘ते त्याच्या आदीच वैशाखात गेले. भावजी, तुमी खांदा दिलता. ह्या शेक्रेटरीनं दहाव्याला चार पोळ्या खाल्ल्या.’’ ती सगळ्यांकडं वळली. ‘‘दसऱ्याला ते हितं शाळंत आलते म्हनतात. मंग घरी का न्हाई आले? शाळंपासनं घर दोनशे पावलं हाय.’’

मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. साहेबसुद्धा रुमाल तोंडाला लावून बसले. हौसाबाईनं धोंडीबाला गाठलं. ‘‘धोंडीबा, च्या दिला का त्यास्नी?’’

धोंडीबा इमानी माणूस. सोसायटीची बाजू सोडायची नाही एवढंच त्याला ठाऊक. म्हणाला, ‘‘दिला आसंल की. समद्यास्नी देतोच.’’

व्हरांडा कोसळायचा बाकी राहिला. बाबूरावानं तर टोपी काढून डोळे पुसले. तेवढ्या हसण्यात ती म्हणाली, ‘‘अन् दम लागत हुता का त्यास्नी? का चांगलं बोलत हुते?’’

हे तिनं विचारलं ते कुणाची टर उडवायला नाही. आवाजच बदलला होता तिचा. हसणारे एकेक करून गप्प झाले. मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि मी वहीकडं बघत उभा राहिलो.

मग तिनं कुठल्याही वकिलानं ऐकून शिकावं असं बोलणं केलं. म्हणाली, ‘‘साएब, मी अडानी हाय. मला एकच सांगा. ते जिते आसतील तर आमच्या दोन बैलांचा चार म्हैन्याचा कडबा द्या, ते सभंला येतात तवा कडब्याला बी येतील. अन् मेले आसतील तर माजं नाव लिवा. च्या पिताना जिते, माजं नाव लावताना बी जिते, पर कडबा मागितला की हजर न्हाईत, ह्ये कसलं जगनं?’’

आबांनी तोंड उघडलं. ‘‘वहिनी, ही कारकुनी चूक...’’ कारकून म्हणजे मी. गोदामदुरुस्तीला मेहुणा, आणि चूक माझी. पण माझी होतीच.

साहेबांना चारची एस.टी. दिसत होती. त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं, ‘‘वारसाचा ठराव आत्ता करा.’’ मी लिहायला बसलो. सूचक एक संचालक झाला. अनुमोदक कोण, असं विचारताच बाबूराव ताडकन उठला. ‘‘मी! लिवा माजं नाव. हितंच उभा हाय, बघून घ्या, जिता हाय.’’ तो ठराव मी सगळ्यांपुढं दोनदा वाचला. माझ्या नोकरीत सभा चालू असताना लिहिलेलं ते पहिलं प्रोसिडिंग.

पुढं काय झालं म्हणाल, तर जे होतं तेच. साहेब वही चौकशीसाठी घेऊन गेले. चौकशीत निष्पन्न झालं की सेक्रेटरी निष्काळजी आहे. मला लेखी ताकीद मिळाली. आबा पुढच्या निवडणुकीत बिनविरोध निवडून आले आणि मेहुण्यानं दुरुस्त केलेल्या गोदामाचा पत्रा पहिल्या वादळात उडाला. पण एक खोड गावाला लागली ती लागलीच. त्यानंतर माझी कोपरगावकडं बदली होईपर्यंत सभा खरीखुरी भरायची, आणि आबा ‘समजून’ एवढं म्हणाले की चारी बाजूंनी ओरडा व्हायचा, ‘‘वाचा! परत वाचा!’’ भज्यांचा खर्च वाढला. मेहुण्याला पुन्हा काम देण्याचं नाव कुणी काढलं नाही. कायद्याची जाडजूड पुस्तकं आणि तीन ऑडिटर मिळून जे जमलं नव्हतं, ते तेवढं झालं.

मला तिची शेवटची आठवण आहे ती मात्र सभेतली नाही.

साहेबांनी व्हरांड्यात ‘आत्ता करा’ म्हटलं खरं, पण मंजुरीचा कागद रीतसर तालुक्याहून यायला पाहिजे, असं जाताना म्हणाले. तो रीतसर यायला तीन आठवडे लागले. आला त्याच दिवशी मी हौसाबाई नामदेव हे नाव रजिस्टरात मोठ्या अक्षरांत लिहिलं. जनावरांच्या रकान्यात लिहिलं, बैल दोन. धोंडीबाला सांगून दोन बैलांचा कडबा आणि पेंड रांगेच्या आधीच बाजूला काढून ठेवली. मला तिला खूश करायचं होतं. उपकार करतोय अशी काहीतरी ऐट होती मनात, खोटं कशाला बोलू?

ती आली. पायांचा आवाज आला नाही, म्हणून मी वर बघितलं तेव्हा ती समोर उभीच होती. तिनं ढीग बघितला.

‘‘ह्ये कुनाचं?’’

‘‘तुमचंच, मावशी. दोन बैलांचं.’’

‘‘सरदार गेला परवा.’’

सरदार म्हणजे तिचा थोरला बैल. मला ठाऊक होतं. सकाळीच धोंडीबानं सांगितलं होतं. मी आवाज खाली आणून म्हणालो, ‘‘राहू द्या हो. दुसऱ्याला पोटभर मिळेल. कोण बघतंय?’’

मला वाटलं, आता ती पदर नीट करेल आणि चार माणसांत माझी उतरवेल. तिनं तसं काही केलं नाही. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तसाच राहिला.

‘‘चार म्हैन्यापूर्वी माजं नाव लिवलं असतंस,’’ ती म्हणाली, ‘‘तर आज दोन लिवलेलं खरं झालं असतं.’’

रांग मागं थांबली होती. मी ‘दोन’वर रेघ मारली, वर ‘एक’ लिहिलं आणि बाजूला सही केली. दुरुस्तीखाली सही करायची असते हे मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण केली त्या दिवशी. तिनं मूठ उघडून अंगठा केला. एका बैलाला गाडी ओढवत नाही, म्हणून ढिगातला एका बैलाचा, अर्धाच कडबा तिनं डोक्यावर घेतला आणि पेंडीसाठी परत येते म्हणून सांगून गेली.